जुनं बिझनेस जेट घेताना टोकनच्या आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिस अंधेरीला, कारखाने वाळूज आणि जळगावला. महिन्यातून तीन-चार वेळा दिल्ली किंवा हैदराबाद, अधूनमधून दुबई. बजेट पंचवीस कोटी. दलालाने अमेरिकेतली दोन विमानं दाखवली आहेत: २००४ चं हॉकर ४००एक्सपी आणि २०१० चं एम्ब्रेयर फेनॉम १००. हॉकर बरंच स्वस्त आहे आणि केबिनही मोठी. वडिलांचं वय सत्तरच्या पुढे, त्यामुळे घरच्यांचा कल हॉकरकडे आहे. दलाल म्हणतो, आठवड्याभरात टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. घ्यावं का, आणि घेताना काय बघावं?

टोकन देऊ नका. निदान या आठवड्यात तरी नाही. दुसरं गिऱ्हाईक या धंद्यात कायमच तयार असतं.

मी एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता आहे. कालिन्याच्या बाजूला बिझनेस जेटच्या देखभालीत बरीच वर्षं काढली, आता विमान घेणाऱ्याच्या वतीने तपासणीला उभा राहतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी किंमत सांगतो, मग एकूण तास, मग रंग आणि सीटचं लेदर. मी एकच कागद मागतो: ड्यू लिस्ट. म्हणजे पुढच्या चोवीस महिन्यांत या विमानावर कोणती तपासणी, कोणता ओव्हरहॉल, कोणता पार्ट कधी ड्यू आहे त्याची यादी. देखभालीचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ती अर्ध्या तासात निघते. विकणाऱ्याने ती द्यायला आठवडा लावला तर तो आठवडा कशात गेला, असं मी विचारतो. विमानाची खरी किंमत म्हणजे मागितलेली किंमत अधिक ही यादी, आणि जुन्या विमानांत अनेकदा यादीच जड निघते.

तुमच्या हॉकरचंच घ्या. त्याला प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची जेटी१५डी-५ एंजिनं आहेत. साधारण १,८०० तासांना हॉट सेक्शनची, म्हणजे एंजिनच्या जळणाच्या गरम भागाची तपासणी आणि ३,६०० ला ओव्हरहॉल. आता समजा एंजिनं ३,३०० तासांवर आहेत आणि कुठल्याही तासिक प्रोग्रामवर नाहीत. मग तुम्ही विमान घेत नाही, दोन ओव्हरहॉल घेता, आणि त्यांचा खर्च दहा लाख डॉलरच्या घरात किंवा त्याहून वर जातो. हॉकर स्वस्त का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं असं की ते आता बनत नाही. कंपनी २०१२ साली दिवाळखोरीत गेली, पुढे २०१४ मध्ये टेक्स्ट्रॉनने घेतली. पार्ट मिळतात, पण दरवर्षी थोडे महाग आणि थोडे उशिरा.

तासिक प्रोग्राम म्हणजे प्रत्येक उड्डाणतासामागे ठरावीक रक्कम भरत राहायची आणि ओव्हरहॉलच्या वेळी बिल त्यांनी भरायचं. प्रॅटचा ईएसपी, विल्यम्सचा टॅप, आणि कुठल्याही एंजिनासाठी जेएसएसआय ही नावं तुमच्या कानावर पडतील. जाहिरातीत 'एंजिनं प्रोग्रामवर' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर थांबू नका. तो करार नव्या मालकाच्या नावावर होतो का, हप्ते थकलेत का, वर्षाला किमान किती तास भरावे लागतात, आणि गंज त्यात कव्हर होतो का, हे प्रोग्रामवाल्यांकडून लेखी घ्या. किमान तासांची अट आपल्याकडे फार बोचते. तुमचा प्रवास पाहता वर्षाला दोनशे तासांच्या आतच उड्डाण होईल. विमान उभं असलं तरी हप्ता सुरूच राहतो.

कमी उडणाऱ्या विमानाची दुसरी गंमत अशी की त्याला तास नव्हे, कॅलेंडर खातं. 'फक्त २,१०० तास झालेत' हे ऐकून लोक खूश होतात. पण लँडिंग गिअर, होसेस, बाटल्या, बॅटऱ्या, लाइफ राफ्ट, मोठ्या स्ट्रक्चरल तपासण्या यांतलं बरंच काही महिन्यांवर चालतं. पंधरा वर्षांत कमी उडलेलं विमान म्हणजे पंधरा वर्षं उभं राहिलेलं विमान, आणि सील्स कोरडी पडायला उभं राहणंच पुरेसं असतं. मला विचाराल तर वर्षाला नियमित तीनशे तास उडालेलं, एकाच मालकाचं, हँगरमध्ये राहिलेलं विमान मी कमी तासांच्या शोभेच्या विमानाआधी निवडेन.

यादीच्याही आधी दोन दरवाजे आहेत. ते बंद असतील तर पुढची चर्चा फुकट.

पहिला वयाचा. आयात होणाऱ्या विमानाच्या वयावर डीजीसीएची, म्हणजे आपल्या नागरी विमान नियामकाची अट आहे. तिच्यातले आकडे पूर्वी बदलले आहेत, आणि वापर कोणता यावरही फरक पडतो. तेव्हा दलालाने सांगितलेला किंवा कुणा ओळखीच्याने चार वर्षांपूर्वी वापरलेला आकडा धरू नका. आजच्या तारखेचं सीएआर, म्हणजे नियमपत्रक, डीजीसीएच्या साइटवरून उतरवून घ्या आणि विमानाच्या उत्पादनाच्या तारखेपासून मोजा. मोजायचं ते भारतात नोंदणी होईल त्या दिवसापर्यंत, टोकनच्या दिवसापर्यंत नाही. मधे सहा-आठ महिने सहज जातात. २००४ चं हॉकर वीस वर्षं ओलांडून गेलंय. माझ्या मते ते याच दरवाजात अडेल, आणि तसं झालं तर केबिन किती मोठी हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा दरवाजा म्हणजे टाइप ॲक्सेप्टन्स. ते मॉडेल भारतात आधीपासून स्वीकारलेलं आहे का? फेनॉम आणि हॉकर दोन्ही आपल्याकडे उडालेली आहेत, त्यामुळे मुख्य मॉडेलची काळजी नाही. काळजी असते ती नंतर लावलेल्या बदलांची. अमेरिकेत एसटीसीवर, म्हणजे मूळ मॉडेलमधल्या बदलाला मिळालेल्या वेगळ्या मंजुरीवर, काय काय बसवतात: नवे विंगलेट, नवे डिस्प्ले, केबिनमधला वायफाय. अशा प्रत्येक एसटीसीचे कागद इथे दाखवावे लागतात. सायटेशन जेटवर लागणाऱ्या टॅमरॅक विंगलेटवर २०१९ मध्ये युरोप आणि अमेरिका दोघांनी एडी (सुरक्षेसाठीचा सक्तीचा आदेश) काढून ती विमानं काही काळ जमिनीवर बसवली होती. बदल वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. पण प्रत्येक बदलामागे एक फाइल असते आणि ती फाइल तुमच्या ताब्यात यायला हवी.

उपकरणांतही असंच. भारतात १ जुलै २०२१ नंतर नोंदणी होणाऱ्या विमानाला गगन, म्हणजे जीपीएस अधिक अचूक करणारी भारताची उपग्रह यंत्रणा, वापरता येईल अशी व्यवस्था असावी लागते. अमेरिकेतल्या बऱ्याच विमानांत तिकडची तशीच यंत्रणा (WAAS) असते आणि तंत्र तेच आहे, तरी बसवलेल्या बॉक्सचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअर तपासून घ्या. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर, टीसीएएस (दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळणारा इशारा), टॉज (जमीन जवळ आल्याचा इशारा), ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी (अपघातानंतर जागा कळवणारा ट्रान्समीटर) यांपैकी काही तिथल्या खासगी विमानात नसतं किंवा जुनं असतं. हॉकरचं कमाल वजन ७,३०० किलोच्या वर आहे, फेनॉमचं ४,७५० किलोच्या आसपास. ५,७०० किलोच्या वर गेलं की उपकरणांच्या अटी कडक होतात. आयात झाल्यावर रेकॉर्डर बसवणं म्हणजे छत आणि फरशी उघडणं आलं. ते काम विकणाऱ्याच्या हँगरमध्ये, त्याच्या बिलावर व्हायला हवं.

आता कागद. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

लॉगबुक पहिल्या दिवसापासून सलग हवी. विमानाची, दोन्ही एंजिनांची, सगळी. एकदा एका सायटेशनच्या एंजिन लॉगबुकात मधली वहीच नव्हती. नव्या वहीच्या पहिल्या पानावर एका ओळीत 'आधीच्या नोंदींनुसार एकूण तास इतके, सायकल्स इतक्या' असं लिहून खाली सही केलेली होती. तास बरोबरच असतील. पण टर्बाइन डिस्कचं आयुष्य सायकल्सवर, म्हणजे एंजिन किती वेळा सुरू होऊन उडालं आणि बंद झालं यावर मोजतात, आणि त्या सायकल्स कुणी, कुठून मोजल्या हे दाखवणारा कागद नव्हता. कागद नाही तर डिस्कचं उरलेलं आयुष्य शून्य धरायचं, मग ती डिस्क आतून कितीही चकचकीत असो. त्या सौद्यात आम्ही मागे आलो. विकणारा शेवटपर्यंत म्हणत होता, 'इट्स जस्ट अ लॉगबुक.'

पार्ट बदलला असेल तर तो प्रमाणित असल्याचा कागद, म्हणजे अमेरिकेचा ८१३०-३ टॅग किंवा युरोपचा फॉर्म १, त्याच्यासोबत असायला हवा. मोठी दुरुस्ती झाली असेल तर फॉर्म ३३७. डेंट अँड बकल चार्ट, म्हणजे विमानावरच्या खळग्यांचा नकाशा, मागा आणि तो हातात धरून विमानाभोवती स्वतः फिरा. चार्टवर पंखाच्या पुढच्या कडेला दोन खळगे नोंदवलेत आणि बोटाला तीन लागतात, तर तिसऱ्याची गोष्ट कुणालातरी माहीत असते. ताजा रंग दिसला की मी खूश होत नाही. गारपिटीच्या खुणा भरून रंग मारणं हा तिकडचा जुना उद्योग आहे. रंगकामानंतर कंट्रोल सरफेस (पंख-शेपटीचे हलते भाग) बॅलन्स केल्याची नोंद असावी लागते. ती नसेल तर रंगाऱ्याने बाकी काय टाळलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

प्री-बाय तपासणी, म्हणजे खरेदीपूर्व तपासणी, ही त्या विमानाची आजवर देखभाल करणाऱ्या वर्कशॉपमध्ये करू नका. आपल्याच कामात कुणी चूक काढत नाही. त्या मॉडेलचा अनुभव असलेलं दुसरं वर्कशॉप निवडा, खर्च तुम्ही करा आणि तुमचा माणूस तिथे पूर्ण वेळ उभा ठेवा. विकणारा 'नुकतीच वार्षिक तपासणी झाली, तीच धरा' म्हणेल. वार्षिक तपासणी विमान उडण्यायोग्य आहे का हे बघते. घेण्यायोग्य आहे का, हा वेगळा प्रश्न आहे.

तुमच्या माणसाने काय उघडून बघायचं ते सांगतो. टॉयलेट आणि गॅलीखालची फरशीची पॅनेल्स पहिली. तिथे वर्षानुवर्षं पाणी, कॉफी आणि नको ते झिरपलेलं असतं. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड आणि रंगाखाली फुगे दिसले की गंज आहे. बोटाने पूड निघते तोवर ठीक, धातूचे पापुद्रे सुटायला लागले असतील तर थांबायचं. मग बॅटरीची जागा, व्हील वेल, पंखाच्या मुळाशी असलेले फास्टनर. इंधनटाकीचा नमुना काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरायचा. इंधन आणि पाणी यांच्या मधल्या रेषेवर काळपट, चिकट थर दिसला तर टाकीत बुरशी आहे. ती बायोसाइडने मरते, पण तिने टाकीच्या तळाचं सीलंट आणि धातू किती खाल्ला ते टाकी उघडल्याशिवाय कळत नाही. फेनॉमच्या पंखांच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडांना रबराचे डी-आइसिंग बूट असतात. ते फुगवून दाखवायला सांगा. उन्हात राहिलेल्या विमानात त्यांना बारीक भेगा असतात.

एंजिनात बोरोस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा, घालायचाच, आणि फक्त रिपोर्ट नाही, व्हिडिओ मागायचा. कम्बस्टरच्या (इंधन जळतं त्या कप्प्याच्या) भिंतीवर जळाल्याच्या खुणा, टर्बाइन ब्लेडच्या टोकांची झीज, आणि विमान समुद्रकाठी राहिलेलं असेल तर सल्फिडेशन. खारी हवा आणि इंधनातलं गंधक मिळून गरम ब्लेडवरचं कोटिंग खातात. फ्लोरिडातलं विमान म्हटलं की मी हे आधी बघतो, आणि तुम्ही ते आणून उभं करणार आहात मुंबईच्या एप्रनवर. म्हणजे फ्लोरिडाचंच पुढचं प्रकरण. कंप्रेसर वॉश आणि गंजरोधक फवारणी इथे चैन नव्हे.

यावरून मुंबईचा विषय. कागदावर सगळं जमलं तरी तुमचं गणित इथे बिघडू शकतं.

सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. जगातल्या सगळ्यात गर्दीच्या अशा विमानतळांपैकी हा एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दी कमी करायला सरकारने तासागणिक उड्डाणं घटवली, आणि बिझनेस जेटना बंदी असलेले दिवसाचे तास चारवरून आठ केले. सकाळी आठला निघून दिल्लीत अकराची मीटिंग, ज्यासाठी लोक जेट घेतात, ते नेमकं या तासांत सापडतं. स्लॉट आधी काढावा लागतो, रात्रीचं पार्किंग मिळेलच याची खात्री नाही. जुहूला तुमचं जेट उतरणार नाही, तो विषय सोडा. बरेच मालक विमान अहमदाबाद, नाशिक किंवा आणखी कुठे ठेवतात. मग सकाळी ते मुंबईला रिकामं येतं, तुम्हाला घेऊन जातं, संध्याकाळी तुम्हाला सोडून रिकामं परत जातं. या रिकाम्या फेऱ्यांचं इंधन, एंजिनच्या सायकल्स आणि लँडिंग चार्जेस तुमचेच. तीन तासांच्या प्रवासामागे चार-साडेचार तास लॉगबुकात पडतात. नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि तिथे जागा होईल अशी आशा सगळ्यांना आहे. पण आशेवर हँगरचा करार होत नाही. विमान घेण्याआधी पार्किंगचं पत्र हातात घ्या, कुठल्याही विमानतळाचं असो.

इंधनाचंही लक्षात ठेवा. एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई आणि पुणे परिसरासाठी तो २५ वरून १८ टक्के केला. हॉकर ताशी जितकं पितं ते फेनॉमच्या दीडपट ते दुप्पट आहे. रिकाम्या फेऱ्यांना हा गुणाकार लावून बघा.

आता जळगाव. तिथली धावपट्टी साधारण १,७०० मीटरची. चार्टर परवान्यावर उडणाऱ्या जेटला उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता येईल असा हिशेब करावा लागतो, म्हणजे १,०२० मीटर. धावपट्टी ओली असेल तर आणखी १५ टक्के जादा अंतर धरायचं, म्हणजे पुस्तकातलं लँडिंग अंतर ८८७ मीटरच्या आत हवं. दोन्ही विमानांचे आकडे या रेषेच्या इतके जवळ आहेत की पावसाळ्यात उतरता येईल की नाही हे त्या दिवशीचं वजन आणि वारा ठरवेल. मे महिन्यात जळगाव ४४-४५ अंशांवर जातं, आणि गरम पातळ हवेत पंख आणि एंजिन दोन्ही आळसतात. भरल्या वजनाने दुपारी तिथून हॉकर काढायचा विचार सोडून द्या. फेनॉम हलकं आहे, पण तिथेही इंधन किंवा माणसं, काहीतरी कमी करावं लागेल.

पावसावर आणखी एक. सुरुवातीच्या फेनॉम १०० ला रिव्हर्सर (उतरल्यावर एंजिनचा झोत उलटा वळवून वेग कमी करणारे) नाहीत आणि ग्राउंड स्पॉयलरही (पंखाची उचल मारून चाकांवर भार आणणाऱ्या फळ्या) नाहीत, स्पॉयलर पुढे १००ई मध्ये आले. सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक इलेक्ट्रॉनिक. ओल्या धावपट्टीवर वैमानिकाचा हात बसलेला असावा लागतो. हॉकरला रिव्हर्सर आहेत, हा त्याचा खरा गुण. १४ सप्टेंबर २०२३ ला मुसळधार पावसात एक लिअरजेट ४५ मुंबईच्या धावपट्टीवरून घसरलं आणि मोडलं. आतले आठही जण वाचले. त्या अपघाताची कारणमीमांसा इथे करायची नाही, पण मुंबईचा पाऊस लाइट जेटला किती जागा ठेवतो एवढं त्यातून दिसतं. वैमानिक कोण, त्यांचं सिम्युलेटर प्रशिक्षण कुठे आणि किती दिवसांनी, हे विमा कंपनी विचारेल. तुम्ही तिच्याआधी विचारा. या मॉडेलांच्या सिम्युलेटरसाठी बहुधा परदेशात पाठवावं लागतं, आणि चार्टर परवान्यावर दोन वैमानिक लागतातच.

दुबईचं सांगतो, मग कराकडे येतो. मुंबई-दुबई अंतर हजार नॉटिकल मैलांच्या थोडं वर. फेनॉम १०० ची पुस्तकी मजल चार माणसांसह बाराशेच्या आत आहे. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, पर्यायी विमानतळाचं इंधन ठेवावं लागतं. जाताना दोन-तीन माणसं आणि हलकं सामान, असा विचार ठेवा. हॉकर इथे थोडं पुढे आहे, फार नाही. केबिनची उंची दोन्हीत दीड मीटरच्या आसपास, वडिलांना वाकूनच जावं लागेल. त्यांना एकदा प्रत्यक्ष बसवून, उठवून, मागच्या टॉयलेटपर्यंत चालवून बघा. ब्रोशरमधला माणूस नेहमी बसलेलाच असतो.

कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे, इतर विमानांवर ५. पंचवीस कोटींच्या विमानावर ४० टक्के म्हणजे दहा कोटी. त्यामुळे लगेच कुणीतरी सल्ला देतं की चार्टर परवान्यावर घ्या, म्हणजे स्वतःचं एनएसओपी (चार्टर परमिट) काढा किंवा दुसऱ्याच्या परमिटवर चढवा, मग कस्टम्सचीही सवलत. यात बेकायदा काही नाही, मात्र ते खरंच चार्टरसाठी चालवलं पाहिजे. मालक आणि त्याचं कुटुंबच वर्षभर फिरत राहिलं, तर सवलतीची अट मोडली असं कस्टम्स म्हणतं. २००७ च्या अधिसूचनेपासून यावर वाद आणि नोटिसा चालत आल्या आहेत, आणि व्याजासह मागणी आली की स्वस्त विमान महाग पडतं. इनपुट क्रेडिटचंही तसंच. विमानावरचं क्रेडिट सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने अडवलेलं आहे, प्रवासी वाहतुकीसारखे ठरावीक वापर सोडून. विमान कुठल्या खात्यात बसतं हे तुमच्या नेहमीच्या सीएने नव्हे, एव्हिएशनची कामं केलेल्या सीएने लेखी सांगावं, आणि तेही आयातीच्या आधी.

दुसऱ्याच्या परमिटवर चढवताना करार नीट वाचा. तुमच्या तारखांना प्राधान्य आहे का, देखभालीची बिलं कोण मंजूर करतं, आणि वेगळं व्हायचं झालं तर लॉगबुक कुणाच्या कपाटात आहेत. शेवटचा मुद्दा भांडण झाल्यावरच लोकांना आठवतो.

पैशाची वाट सरळ ठेवा. आधी लेटर ऑफ इंटेंट, त्यानंतर परत मिळणारं डिपॉझिट, तेही दलालाच्या खात्यात नव्हे, एस्क्रोमध्ये, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तटस्थ एजंटाकडे. अमेरिकी नोंदणीच्या विमानासाठी हे एस्क्रो एजंट बहुतेक ओक्लाहोमा सिटीत असतात, कारण एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाची नोंदवही तिथे आहे. तिथेच टायटल सर्च करायचा: विमानावर कुणाचं कर्ज, कुणाचा बोजा आहे का. सोबत विमानांवरच्या कर्जांचे हक्क नोंदवणाऱ्या, केपटाउन कराराखालच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीचाही सर्च. भारत त्या करारात २००८ पासून आहे आणि २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. तपासणी झाल्यावर तुम्ही लेखी 'स्वीकारलं' म्हटल्यानंतरच डिपॉझिट ना-परतीचं होईल, हे वाक्य करारात शब्दशः असावं. उडण्यायोग्यतेला बाधा आणणारे दोष विकणाऱ्याने स्वखर्चाने दूर करायचे, तेही एक्सपोर्ट सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस निघायच्या आधी. बँक, आयातीची परवानगी, नोंदणी आणि फेरी उड्डाण (विमान तिकडून उडवत भारतात आणणं) यांचा क्रम चुकला तर विमान तिकडे आणि पैसे इकडे अडकतात. अटलांटिक ओलांडायला लाइट जेटला ग्रीनलँड-आइसलँडच्या वाटेने थांबत यावं लागतं. हिवाळ्यात ती फेरी ठरवू नका.

तुमच्या दोन विमानांत माझं मत असं. हॉकर नको: वय, एंजिन, इंधन, तिन्ही बाजूंनी. फेनॉमचा विचार करता येईल, पण एंजिनं प्रोग्रामवर असतील, लॉगबुक सलग असतील आणि पार्किंगचं पत्र मिळालं तरच. आणि एक तिसरा पर्याय दलाल सांगणार नाही, कारण त्यात त्याचं कमिशन लहान. तुमचे निम्मे फेरे वाळूज-जळगावचे असतील तर त्या अंतरावर जेट उंची गाठेपर्यंत उतरायची वेळ येते. तिथे किंग एअरसारखं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांवर चालणारं विमान, छोट्या धावपट्टीवर निर्धास्त उतरतं आणि इंधनही कमी पितं. दिल्ली-दुबईला तेवढ्यापुरतं चार्टर करा. वर्षभर असं चालवून खरे तास किती होतात ते बघा, मग जेटचं बोला.

तोवर दलालाला आज एवढंच पाठवा: दोन्ही विमानांची चोवीस महिन्यांची ड्यू लिस्ट, सगळ्या लॉगबुकांचे पहिल्या पानापासूनचे स्कॅन, एंजिन प्रोग्रामचं थकबाकी नसल्याचं पत्र, एडींची स्थिती, आणि बसवलेल्या एसटीसींची यादी. फेनॉमचे कागद आले तर एंजिन लॉगबुक ओळीने वाचायला घ्या, प्रत्येक वहीचं शेवटचं पान आणि पुढच्या वहीचं पहिलं पान शेजारी ठेवून. दोन्हीकडचे तास आणि सायकल्स जुळले तर प्री-बायचं वर्कशॉप ठरवू.